वैरागच्या पाव्हण्यांचे चार पिक्चर

१८ मे ७५, रविवार
पोरगी बघायला येतात का पिक्चर बघायला, एकदाचं सांगा म्हणावं. आजचा दुसरा रविवार. गेल्या खेपेला मंगल पोह्यांचं ताट घेऊन बाहेर आली अन् तेवढ्यात वसंतानं दिवा घालवला, मशीन सुरू. नाव विचारलं नाही, शाळा विचारली नाही. पोरगी अंधारातच माघारी आली.
वसंता माझा दीर, त्याचं हे जत्रेत पिक्चर दाखवायचं मशीन. जत्रा सरल्या, आता गणपतीपर्यंत माझ्या उरावर. खिडक्यांना चादरी ठोकून भर दुपारचा अंधार करायचा, आत नुसती भट्टी. वसंता म्हणतो, वैनी, मशीन बसून राहिलं की बिघडतं. पोरगी बसून राहिली तर?
आजचा पिक्चर रडका. हिरॉइनची आई शिलाई मशीनपुढं बसून रडते, एक टाका घालत नाही. पुरुष पुढं बसतात. आम्ही बायका पडद्यामागं, चुलीकडं. आम्हाला सगळं उलटं. पदर भलत्याच खांद्यावर, नवरी डाव्या हातानं घास भरवते.
पाव्हणे दोनदा चहा पिऊन गेले. होय नाही, नाही नाही.

२१ मे
माझ्या दादाचं कार्ड, केमहून. तिथलं एक स्थळ, मुलगा रेल्वेत, त्यांना पोरगी पसंत आहे, पण ज्येष्ठातच उरकायचंय, लवकर कळवा. ह्यांना दाखवलं. ह्यांच्या डोळ्यापुढं वैरागचं अडत दुकान. म्हणाले, "थांब की जरा. मोठी माणसं हायत." मोठी कसली? पोह्यांत शेंगदाणे कमी म्हणणारी.

२५ मे, रवि.
वसंतानं आज रिळं चुकवली. दुसऱ्याच्या जागी तिसरं लावलं. हिरोचा बाप तापानं मेला, तिरडी उठली, अन् पुढच्या रिळात तोच फेटा बांधून पोराच्या साखरपुड्याला हजर. कोणी हूं की चूं नाही. वैरागचे तात्या, मुलाचे वडील, तिरडीला रडले अन् साखरपुड्याला पण रडले. मला तोंडात पदर कोंबावा लागला.
नंतर वाटलं, माझं पण तसंच चाललंय. बघायच्या आधीच पोरीचं लग्न धरून बसलेत घरात.
मंगलनं परत तीच व्हॉइलची साडी इस्त्री केली होती. घामानं चिकट झाली. पडद्यामागं कोण बघतंय.

१ जून, रवि.
चौथा. तमाशाचा. पाटील वाईट, मास्तर चांगला, नाचणारी मरते. नाचणारीच का मरते दर वेळी, पाटलाला काय धाड भरते? गाणी बरी.
रीळ बदलताना वैरागचा मुलगा चुलीकडं आला. मंगल समोरच उभी. म्हणतो, "ए, पानी दे गं." तांब्या रिकामा केला, गेला.
पाव्हणे गेल्यावर मंगल भांडी घासत म्हणाली, "आई, त्याला माझं नाव तरी म्हायती हाय का?"
मी राख जास्त घेतली अन् कढई घासत बसले. एकोणीस संपतंय तिला. केमकडचं कार्ड फळीवर तसंच.

४ जून
दादाचं दुसरं कार्ड. तेरा तारखेपर्यंत सांगा, नाहीतर ते कुर्डुवाडीची मुलगी करणार.
ह्यांना म्हटलं, वैरागला विचारा. म्हणाले, मुलीकडच्यांनी तोंड वाजवायचं नसतं, हलकेपणा येतो. सकाळी कामावर पहिली पाळी म्हणून जेवून झोपले.

८ जून, रवि.
सकाळी पडद्याची चादर काढली, सोडा घालून भिजत टाकली. खिडक्या उघड्या. वारं आलं घरात.
तीनला बापलेक दोघं आले. तात्यांनी भिंतीकडं बघितलं.
"आज पिक्चर न्हाय व्हय?"
म्हटलं, पडदा धुवायला टाकलाय, आज उजेड हाय, पोरगी बघून घ्या. मंगलला हाक मारली. ती घरातल्याच लुगड्यावर आली, समोर बसली. मान खाली घातली नाही. मुलगाच नखं बघत बसला.
तात्या म्हणाले, "बघू की वैनी, घाई काय हाय? फुडल्या रविवारी पौराणिक लावा, मंडळींना पन आनतो."
चहा न घेता गेले. वसंता हसला. हे रात्री जेवले नाहीत. माझ्यामुळं स्थळ गेलं म्हणे. आलं कधी होतं?
मंगलला विचारलं, केमचं करायचं का? म्हणाली, "आधी वैरागचं काय ते कळू दे. दोन्हीकडनं लटकून ऱ्हायला मी काय वाळवण हाय?"

९ जून
ह्यांना न विचारता कार्ड लिहिलं. अक्षर वाकडं आलंय, येऊ दे. हितं उतरवून ठेवते, उद्या कोणी म्हणायला नको मी असं लिहिलं नव्हतं.

रा. रा. तात्या यांस, मंगलच्या आईचा नमस्कार. आमच्या मुलीचं नाव मंगल. मॅट्रिक पास. चार रविवार आपण आमच्या घरी बसलात. पसंत असेल तर तसं लिहा, नसेल तर तसं लिहा. नाही म्हणालात तर राग नाही. हातात दुसरं स्थळ आहे. गुरुवारी, बारा तारखेला, दुपारच्या टपालापर्यंत उत्तर पाहिजे. पिक्चर बंद आहेत.