दोन बांगड्या वाढल्या

आई, तुला जाऊन सोळा वर्षं झाली आणि मी पोटासाठी नक्की काय करतो हे तुला सांगायचं अजून राहिलंय. बांगड्या भरताना गिऱ्हाइकाचा हात, तिची आवड आणि तिच्या सासूचं गाऱ्हाणं तू एकाच वेळी सांभाळायचीस, तेव्हा हे तुला जड जाऊ नये.

विषयाचं नाव क्लस्टर अल्जिब्रा. नावाला घाबरू नकोस. आम्ही एखाद्या पृष्ठभागावर वेढा काढतो, त्यावरून चौकोनांची पट्टी जुळवतो आणि टोकं जोडून तिचं कडं करतो. मग चौकोनांच्या कोपऱ्यांच्या शेजारी-शेजारी जोड्या लावायच्या, एकही कोपरा एकटा राहता कामा नये. जोड्या लावायच्या जितक्या रीती तितकी पदं, आणि त्यांची बेरीज म्हणजे त्या वेढ्याचा घटक. आता ऐक. तोच वेढा सुटा सुटा दोनदा काढला तर आमच्यात त्याला 'बांगड्या' म्हणतात, आणि एकच वेढा दोनदा गुंडाळला तर 'ब्रेसलेट'. देवाशपथ, ही नावं मी ठेवलेली नाहीत.

गेल्या महिन्यात रत्नागिरीतल्या एका कॉलेजात हेच मराठीतून सांगत होतो. फळ्यावरच्या वेढ्याच्या रीती आल्या तीन. सुट्या दोन बांगड्यांच्या तीन त्रिक नऊ. ब्रेसलेट करायचं तर त्यातल्या दोन कमी होतात. एवढंच म्हणायचं होतं. पण बांगड्या म्हटल्या आणि मी थेट तुझ्या दुकानात. मी सात-आठ वर्षांचा आहे, भाट्ये गावची एक नवरी हात पुढे करून बसली आहे, हिरवी बांगडी कट्कन जाते आणि मी ओरडतो, "फुटली!" तू पाठीत धपाटा घालतेस. "मेल्या, फुटली नाय म्हणायचं! वाढली म्हण, वाढली!" तर फळ्यासमोर मी शहाण्यासारखा म्हणालो, "इथे दोन बांगड्या वाढतात," आणि हाताने लिहिलं अधिक दोन. उत्तर अकरा.

पहिल्या बाकावरच्या एक मॅडम उभ्या राहिल्या. "सर, मी एकेक जोडणी काढून बघितली. सातच येतायत." मी तिथेच दोनदा मोजलं. सातच. मग धपाट्याची गोष्ट सांगावी लागली. हसू ओसरल्यावर मॅडम म्हणाल्या, "वाढतात त्या आमच्याकडे पण. तुम्ही वजाच करा."

हे पत्र टाकायचं कुठे? दुकानाच्या जागी आता मोबाइलवाला बसतो. पण एक सांगून टाकतो. मी संशोधनाला लागलो त्या वर्षी तू विचारलं होतंस, "बाळा, तू करतोस तरी काय?" आणि मी म्हणालो, "तुला नाही कळायचं." त्या उत्तराची मला अजून लाज वाटते. तू मात्र रागावली नाहीस. दुसऱ्या दिवसापासून येईल त्या बाईला सांगत सुटलीस, "आमच्या पोराचं गणित एवढं मोठं हाय, मलापण कळत नाय!" आई, तेव्हा ते मलापण कळत नव्हतं.