विकतच्या गाण्यात न मिळालेला खोकला

तीर्थस्वरूप मामास,

(तीर्थरूप फक्त वडिलांना लिहायचं असतं असं बाबांनी आत्ताच मागून सुचवलं, म्हणून तुला एक पायरी खाली उतरवलं आहे. राग मानू नकोस.) नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? मामीचं ब्लड प्रेशर? आमच्याकडे सगळे ठीक. माझी नोकरी चालू आहे. लिफ्टच्या मोटारींचा आवाज मोजायचा आणि तो का येतो ते शोधायचं. लोक म्हणतात रटाळ काम आहे. मला आवडतं. मोटार खोटं बोलत नाही.

तू मागे फोनवर विचारलं होतंस, की हल्ली लोक एकेक गाणं पैसे देऊन डाउनलोड करतात हे खरं का, आणि ते परवडतं का. तेव्हा मी विषय बदलला, कारण आई शेजारी बसून ऐकत नसल्याचा अभिनय करत होती. आता लिहून उत्तर देते. हो, खरं आहे. परवडतं का, हे सांगायला मला आमच्या घरी घडलेलं सगळं सांगावं लागेल.

सुरुवात बाबांनी केली. त्यांनी आईची कॅसेट तिच्या नकळत लावली आणि पुढचं गाणं पटकन यावं म्हणून एकाच वेळी दोन बटणं दाबली. मी कामावरून आले तेव्हा अर्धी फीत यंत्राच्या पोटात होती आणि अर्धी बाबांच्या मनगटाला. मी जमेल तेवढी सरळ केली, जोडली. पण आईच्या आवडत्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्याचा भुगा झाला होता. कोणती कॅसेट ते तुला कळलं असेल. तूच दिलेली. तुझं आणि आईचं भांडण झाल्यावरची.

(भांडणाचं मी इथे एकदाच लिहिते, नंतर विषय काढणार नाही. गर्दीच्या दिवशी तुझ्या गाणी भरून द्यायच्या दुकानातल्या कोऱ्या कॅसेटी संपल्या, तू घाईत खणातून एक ओढलीस आणि कुणा गिऱ्हाइकाची गाणी तिच्यावर भरलीस. ती लग्नाआधीच्या आईच्या गाण्याची कॅसेट होती. गिऱ्हाईक कोण ते कुणाला आठवत नाही. आईचा आवाज पुसला आणि तुमचं बोलणं बंद झालं. तेव्हापासून तू आलास की आई मला सांगते, "त्यांना विचार, चहा घेणार का," आणि तू तिच्यासमोर बसून मला सांगतोस, "घेईन म्हणावं.")

तर गाणं गेलं. मी म्हटलं, त्यात काय, विकत घेऊ. महिन्याचे पैसे भरून हवी तेवढी गाणी ऐकायची सोयही असते, पण आई म्हणाली, भाड्याचं गाणं नको, आपलं हवं. म्हणून एक गाणं, एक किंमत. अगदी तुझ्या दुकानासारखं. फरक एवढाच, की तिथे विकत घेण्याआधी गाण्याचा तुकडाच ऐकवतात. तू गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवून, स्पंजवाले हेडफोन कानाला लावून अख्खं गाणं ऐकवायचास, आणि तो "वा, झालं ऐकून" म्हणत निघून जायचा. मामी यावर काय म्हणायची ते मी लिहीत नाही.

गाणं उतरवलं, लावलं. एक तर त्याला तिसरं कडवं आहे. हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. बाजू संपत आली की उरलेली फीत कोरी सोडायला तुझा जीव व्हायचा नाही, तिथे तू बसेल तेवढं गाणं फुकट भरून द्यायचास. त्यामुळे आमच्या घरात अजूनही कित्येक गाणी ओळीच्या मध्येच, खट् आवाज होऊन संपतात, आणि आम्हाला ती तशीच पूर्ण वाटतात. आईने तिसरं कडवं परक्या पाहुण्यासारखं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे ते नाही."

मग मी त्याच गाण्याची स्वच्छ केलेली आवृत्ती घेतली. हे ते नाही. दुसरीत बासऱ्या जास्त होत्या. हे तर नाहीच. एक चुकून नुसत्या वाद्यांचं घेतलं. ते ऐकून आईने विचारलं की गाणारी आजारी आहे का. यानंतर मी तर्काने चालायचं ठरवलं. तुझं रेकॉर्डिंगचं यंत्र जरा हळू फिरायचं, म्हणून तुझ्या कॅसेटी आमच्याकडे जरा घाईत आणि चढ्या पट्टीत वाजायच्या. वाचलेल्या तुकड्यावरून तो वेग काढला आणि विकतच्या गाण्याला तेवढंच पळवलं. आई भाजी चिरत होती. पहिल्या ओळीला तिने मान हलवली. मी मनात म्हटलं, जिंकले. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी तिची सुरी हवेत थांबली. ती वाट बघत होती. कडवं सुरू झालं, पुढे गेलं, आणि ती म्हणाली, "इथे दादा खोकतो."

मामा, ‘दादा’ हा शब्द मी तिच्या तोंडून शाळेत असताना शेवटचा ऐकला होता. तिच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यानंतर तिने नको तेवढ्या मिरच्या चिरल्या.

मला तुझं दुकान आठवलं. जिन्याखालची ती चिंचोळी खोली, तापलेल्या प्लास्टिकचा वास, आणि लाल दिवा लागला की तू ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प करायचास. खरं तर यंत्रातून यंत्रात वायरने गाणं जात होतं. दुकानात कुणी भांडी घासली असती तरी चाललं असतं. हे मी तुला तेव्हाही सांगितलं होतं (मी लहानपणीही अशीच होते), आणि तू म्हणालास, "गाणं चाललंय बये, गप्प बसावं." पण हे एक गाणं तुझ्याकडे नव्हतं. ते रेडिओवर लागायची वाट बघत तू मायक्रोफोन समोर धरून बसलास. आयुष्यात एकदाच गप्प बसणं खरंच गरजेचं होतं, आणि त्या वेळी तुलाच खोकला आला.

बदली खोकला म्हणून मी बाबांचा घेतला. त्यांनी मनापासून खोकून दाखवलं (त्यांना घरात क्वचितच काही करायला सांगतात). मी तो बरोबर जागी बसवला. आईने ऐकलं आणि म्हणाली, "यांचा मोकळा आहे. त्याचा दाबलेला होता. गाणं बिघडू नये म्हणून."

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर: गाणं म्हणून परवडतं. आवाज स्वच्छ, तुटायची भीती नाही. बाकी तू ठरव.

मामीला नमस्कार. गुडघ्यांना शेक देत जा.

तुझी भाची

ता. क. रविवारी येशील का? निव्वळ तांत्रिक कारण आहे. मायक्रोफोन माझ्याकडे आहे, गाणंही आहे. फक्त घशाची गरज आहे. औषध घेऊन येऊ नकोस.

ता. क. २. आईला या पत्राबद्दल काहीही माहीत नाही.

ता. क. ३. वरची ओळ तिने सांगितली म्हणून लिहिली. पाकीट फेकून दिलं असशील तर टोपलीतून काढून बघ. त्यावरचं अक्षर माझं नाही.