काळी डिस्क कुणी लावायची

मी, खाली सही करणारी, वय सत्तरीच्या पुढे, धंदा लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग (आता बंद), राहणार याच घरात, हे मृत्युपत्र आपखुशीने लिहून ठेवते. फुप्फुसं साथ देत नाहीत, डोकं देतं. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. दबाव टाकायला यावं लागतं, आणि इथे फारसं कुणी येत नाही.

१. राहतं घर मुलाला. मोरीतला नळ गळतो, हे त्याला सांगितलं की तो "बघतो" म्हणतो. आता नळही त्याचा आणि बघणंही त्याचं.

२. बँकेत उरेल ते मुलगा आणि नात यांना निम्मं निम्मं. नात म्हणजे माझ्या मुलीची मुलगी. मुलीला आम्ही भिंगरी म्हणायचो. नात रांगत होती तेव्हा भिंगरी रस्ता ओलांडताना गेली. हे वाक्य मी पुष्कळदा खोडून पाहिलं, दुसरं कुठलं सुचत नाही.

३. जाऊबाईंना काही नाही. भिंगरीला घरातून नेताना त्या शेजारणीला म्हणाल्या, "आज कॅमेरा नाही वाटतं?" मी ऐकलं. भिंतीवरच्या घड्याळावर त्यांचा डोळा आहे, म्हणून ते खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला द्यावं.

४. कॉम्प्युटर नातीला. घरचे सगळे ज्याला सीपीयू म्हणतात तो पत्र्याचा डबा, म्हणजे कॅबिनेट, त्याबद्दल थोडं लिहिणं भाग आहे. बाहेरून जोडायच्या डिस्क नेहमी कॅबिनेटच्या मागच्या खाचांत लावाव्यात. पुढच्या खाचांना आतून लांब वायर येते, तिथे करंट कमी पडतो आणि डिस्क टकटक करते. गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह पुढे चालतात. आमच्या ह्यांनी गंमत म्हणून पुढच्या खाचांवर 'पाहुणे' आणि मागच्यांवर 'घरचे' अशा चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. त्या अजून आहेत, काढू नयेत.

५. निळी डिस्क. भिंगरी गेल्यानंतरच्या वर्षी जावई आला. तिने बाळाला भरवताना, नखं कापताना, उगाच बडबडताना केलेली सगळी रेकॉर्डिंग निळीत होती, त्याला ती उतरवून हवी होती. मी औषध आणायला खाली गेले होते. ह्यांची चिठ्ठी वाचून त्याने निळी पुढे लावली आणि कॅबिनेटच्या डोक्यावर ठेवली. ती टकटक करू लागली तेव्हा घाबरून त्याने वायर ओढली. डिस्क फिरत असतानाच फरशीवर पडली.

मी विचारलं, "पुढे का लावलीस?"

तो म्हणाला, "आई, मी पाहुणाच ना इथला. बाबा पहिल्या दिवसापासून तसंच म्हणायचे."

डिस्क उघडणाऱ्या माणसाने ती हात टेकून परत दिली. तेव्हापासून मी जावयाशी बोललेले नाही आणि आता बोलण्याइतका श्वासही नाही. निळी डिस्क माझ्यासोबत द्यावी. तिचा कुणाला काही उपयोग नाही.

६. काळी डिस्क. निळीत होतं ते सगळं मी आधीच हिच्यात उतरवून ठेवलं होतं. दुसरीकडे कुठेही नाही. मुलगा कोरी डिस्क घेऊन आला होता, "आई, आजच कॉपी करून टाकू" म्हणाला. पण शेवटची लावली तेव्हा काळीनेही एकदा टक केलं होतं. पुढच्या वेळी ती चालेल की संपेल हे मला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायचं माझं धाडस झालं नाही. ती माझ्या कपाटात, साड्यांच्या मध्ये आहे. आहे म्हणून मी आहे, इतकंच.

नात आता माझ्यापेक्षा उंच झाली. गेल्या महिन्यात तिने विचारलं, "आजी, आई बोलायची कशी गं?" मी म्हटलं, "तुझ्यासारखी." हे काही उत्तर नव्हे. म्हणून काळी डिस्क नातीची.

मी गेल्यावर ती दुकानात न देता इथेच लावावी. टेबलावर आडवी ठेवावी, छोट्या वायरने जोडावी. आधी काही बघत बसू नये, थेट कोऱ्या डिस्कवर उतरवावी. टकटक आली तर ओढाओढी न करता कॉम्प्युटर बंद करावा, आणि मग जे झालं ते झालं.

नातीने वायरला हात लावायचा नाही. ती मालकीण आहे, तिने खुर्चीवर बसावं. डिस्क तिच्या हातून बंद पडली तर पोर जन्मभर म्हणेल की आई माझ्यामुळे गेली. ते ओझं घेऊन जगणारं एक माणूस या घराला आधीच आहे. त्याचं आणखी काही बिघडायचं उरलेलं नाही.

म्हणून डिस्क जावयानेच लावावी. 'घरचे' लिहिलेल्या खाचेत.

वरील मजकूर वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांदेखत सही केली आहे. शिंप्याने सही करताना विचारलं, "काकू, हे जावईबापूंना आत्ताच फोन करून सांगू का?" मी "नको" म्हटलं. मग म्हटलं, सांग.

ठिकाण: राहतं घर, मागची खोली
दिनांक: डॉक्टरांनी सहीखाली घातला आहे तोच

सही (लिहून ठेवणारी)
साक्षीदार १: खालच्या मजल्यावरचा शिंपी
साक्षीदार २: डॉक्टर