वाटीभर साहेब

कडा,
ता. ४ फेब्रुवारी २०२५

चि. अर्जुनरावास,

तुझ्या थोरल्या अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि. फोन केला की तुझा पुतण्या बजरंग उचलतो आणि साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणून ठेवून देतो. म्हणून पत्र लिहिते. निदान हे तरी तुला स्वतः वाचावं लागेल.

रविवारी तानाजीरावांच्या घरी तू जे केलंस, त्यानं मला गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. स्वप्नालीसाठी हे स्थळ मी जिवापाड जपलं. तानाजीरावांचा भागवत आणि ती एकमेकांना पसंत, पत्रिका जुळलेली. उरलं होतं ते एवढंच, की बापानं मुलाचं घर बघावं आणि तिथं जेवावं. पसंत नसेल तर पाहुणा चहावर उठतो आणि जेवला म्हणजे होकार, हे आता मी तुला शिकवायचं का? भागवतची आई, सरस्वतीबाई, पहाटे उठून पुरण वाटत बसल्या होत्या. तू दोन घास खाल्लेस, कपाळ पुसलंस आणि कानाला फोन लावून अंगणात गेलास, तो ताटावर परत आलाच नाहीस. त्या काल मला गिरणीवर भेटल्या. म्हणाल्या, की मोठ्या लोकांना आमचं पुरण गोड लागलं न्हाई, आमी आता दुसरी सोयरीक बघतो.

आणि असं करणारा कोण, तर तू! तू जेवायला येणार कळलं की आचारी सामान वाढवून मागायचे. आता म्हणे पहाटे चालतोस, सभेत पोरांना शरीर कमवायचे धडे देतोस. अरे, चालून माणूस बारीक होतो, माजत नाही.

कळावे. राग आहे, आणि तो उतरेल असं धरून चालू नकोस.

तुझी,
छबुअक्का

वडवणी,
ता. ८ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. अक्कास,

अर्जुनचा शि. सा. न. वि. वि. पत्र पोचलं. बजरंगच्या हाती लागायच्या आत मीच फोडलं, हे बरं झालं.

अक्का, मी चालून बारीक झालेलो नाही. दसऱ्यानंतर पुण्याला गेलो होतो ते निसर्गोपचाराला नव्हे. ऑपरेशन करून घेतलं. पोटाची पिशवी कापून केळाएवढी ठेवली आहे. शुगर हाताबाहेर गेली होती, झोपेत श्वास अडकायचा. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, की असेच खात राहिलात तर मुलीच्या अक्षता टाकायला उरणार नाही.

आता वाटीभर खाल्लं की गळ्याशी येतं. घासाबरोबर पाणी प्यायचं नाही, घास पीठ होईपर्यंत चावायचा. गोड पोटात गेलं की छाती धडधडते, घाम फुटतो. त्या दिवशी अंगणात मी फोनवर बोलत नव्हतो, गोठ्याच्या भिंतीला धरून उभा होतो. आणि खरं सांगू? भूकच लागत नाही. मटणाचा रस्सा समोर आला तरी जीव ओढ घेत नाही. आयुष्यभर ज्याच्यावर प्रेम केलं तेच परकं झालं, याचं फार वाईट वाटतं.

पण हे बाहेर जाता कामा नये. निवडणुका कधीही लागतील. मी लोकांच्या पंगतीत बसून मोठा झालो. ज्याला भाकरी पचत नाही त्याला तालुका काय पचणार, असं विरोधक म्हणतील. म्हणून मी तानाजीरावांकडे परत जातो. बजरंगला शेजारी बसवतो, तो माझ्या ताटातलं हळूच उचलेल. तीन लग्नांत हे बिनबोभाट पार पडलं आहे.

तुझा लोभ असू दे. तो तेवढा कापू नकोस.

तुझा,
अर्जुन

कडा,
ता. ११ फेब्रुवारी २०२५

चि. अर्जुनरावास,

अक्काचे आशीर्वाद, नाइलाजानं. डॉक्टरनं पोट कापलं की अक्कल?

जिवासाठी ऑपरेशन केलंस, त्यात लाजण्यासारखं काय आहे? भाऊ वाचला म्हणून मी देवीला नारळ फोडला. पण ते बजरंगचं काय चालवलं आहेस! बिनबोभाट म्हणे. इथं सगळे म्हणतात, की साहेबांनी घास तपासायला माणूस ठेवलाय, लोकांच्या घरात त्यांना विषाची भीती वाटते. ज्यांच्या मतांवर जगतोस त्यांना विष घालणारे ठरवून बसलास. तानाजीरावांच्या कानावर हेही गेलं आहे.

काल स्वप्नालीचा फोन आला. तिला सगळं ठाऊक, पण तू शपथ घातलीस म्हणून पोरीनं भागवतलाही सांगितलं नाही. रडली असती तर समजूत घातली असती. ती हसली. म्हणाली, पप्पांना माझं लग्न झालं काय, मोडलं काय सारखंच, त्यांचं ताट रिकामं दिसलं म्हणजे झालं. बापाची एवढी किंमत राहिली आहे तुझी.

रविवारी तानाजीरावांच्या नातवाचं जावळ आहे. गावजेवण आहे. सोमवारी त्यांच्याकडे दुसऱ्या स्थळाचे पाहुणे येणार आहेत. तुझं आमंत्रण मी पदर पसरून मिळवलं आहे. ये, आणि पंगतीत सगळ्यांदेखत खरं काय ते सांग. बजरंगला आणलंस तर दोघांनाही वेशीवरून परत पाठवीन.

लोभाचं रविवारी बघू.

छबुअक्का

कडा,
ता. १७ फेब्रुवारी २०२५

चि. स्वप्नालीस,

आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद. तुझा बाप हे तुला धड सांगणार नाही, म्हणून मी लिहिते.

आला, एकटाच आला. पंगत बसली, वाढणं झालं आणि तो उभा राहिला. भाषणाला कधी अडखळत नाही, पण इथं घसा खाकरत राहिला. मग ऑपरेशनचं, बजरंगचं, पुरणपोळीचं, सगळं सांगितलं आणि सरस्वतीबाईंना हात जोडले. दोघं-तिघं फिदीफिदी हसले. सरस्वतीबाई तडक आत गेल्या. मला वाटलं, संपलं. त्या बाहेर आल्या त्या वाटी घेऊन. मटणाचे मऊ तुकडे बोटांनी बारीक केलेले, त्यात कुस्करलेली चतकोर भाकरी. त्याचं भरलेलं ताट उचललं आणि वाटी ठेवली.

मग तो जेवायला लागला. जेवायला कसला, रवंथच म्हण. बाकीच्यांची ताटं केव्हाच चाटूनपुसून झाली. शेवटच्या माणसाचं होईपर्यंत पंगत उठत नाही, त्यामुळे पांढऱ्या कपड्यातले सगळे पुढारी वाळलेली बोटं घेऊन बसलेले. हसलेले तेही त्यातच. मी वाढणाऱ्या बायकांत उभी होते, मला हसूही येत होतं आणि डोळ्यांना पदरही लावत होते. शेवटी एका पुढाऱ्याला राहवेना. साहेब, उरका की, असं तो म्हणाला आणि अर्धवट उठला.

तानाजीरावांनी त्याचा खांदा दाबून त्याला खाली बसवलं. सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, की माझे व्याही जेवायलेत, कुणी उठायचं न्हाई.

तुझी,
छबुआत्या