घोंगडी आणि शाळू

सांगली, ९ ऑगस्ट ९८
बिरूची थीम त्या परदेशी साइटवर आज पहिल्या पानावर. कॉम्प्युटर क्लासच्या फोन लाइनवर पान उघडेपर्यंत चहा होऊन गेला, आणि उघडलं तर हे. ती चढवली की लिनक्सच्या खिडक्या हुबेहूब विंडोजसारख्या दिसतात, एवढंच आहे त्यात. राखाडी पट्टा, कोपऱ्यातलं बटण, सगळं उचललेलं. खाली कुठल्या कुठल्या देशातली माणसं वाहवा करतायत. माझी शाळूच्या रंगांची, सुट्टीभर खपून केलेली, पार तळाशी. एकच अभिप्राय: वाचायला त्रास होतो.
बिरू म्हणाला, ‘तुजी पन हाय की रं, खाली.’
खाली!

१४ ऑगस्ट
सरांनी क्लासच्या सगळ्या मशीनवर बिरूची थीम चढवली. दिवसभर त्याच्याबरोबर एकाच क्लासात शिकवायचं, एकाच खोलीत राहायचं, आता पडद्यावरही तोच.
म्हटलं, ‘सर, ही नक्कल आहे.’
‘असेल. पोरं लिनक्सला बिचकत नाहीत ना आता? मग झालं.’

२ सप्टेंबर
बिरूला बोलून टाकलं शेवटी. ‘दुसऱ्याचं उतरवून काढायला काय लागतं? स्वतःचं काहीतरी कर.’
भांडी घासत होता, थांबला. ‘उतरवतानाच हात बसतो गड्या.’ पुन्हा घासायला लागला.
वाईट वाटलं थोडं. थोडंच.

२८ ऑक्टोबर
दिवाळी करून रहिमतपूरहून परत. बिरू आटपाडीहून आधीच आलेला. वडिलांनी मेंढरं विकून डाळिंब लावलंय म्हणे. घरातली जुनी घोंगडी आता कोणी अंगावर घेत नाही, म्हणून हा घेऊन आला. आणि मग क्लासात मशीनचा पडदा दाखवला.
काळी घोंगडी. वरच्या पट्टीला लोकरीचा खरबरीतपणा, कडेला पांढरा धागा. ज्या खिडकीत काम चालू, तिचा धागा उजळतो, बाकीच्यांचा मंद. बटणं म्हणजे काठाला सुटलेल्या दशांच्या गाठी. अक्षरं स्वच्छ.
‘कशी झालीया? तूच म्हनला हुतास न्हवं, सोताचं कर म्हनून.’
‘बरी आहे.’
जेवलो नाही. हा नक्कल करतो, एवढाच काय तो आधार होता मला.

१२ नोव्हेंबर
बिरूच्या फायली उघडल्या. चोरी नाही ही. त्यानेच साइटवर खुल्या ठेवल्यात, कोणीही घ्या, बदला, मूळ करणाऱ्याचं नाव तेवढं राहू द्या. नुसते रंग बदलून बघणार होतो. काळ्याच्या जागी शाळूचा पिवळट. धागा हिरवा. मग गाठी जरा गोल केल्या. मग सुटेचना.
सुरेख झालीय. इतकं चांगलं माझ्या हातून आजवर झालं नव्हतं.
माझ्या हातून?

१५ नोव्हेंबर
बिरूने पाहिली. ‘आयला, ह्या गाठी माज्याच की!’ मी तोंड उघडायच्या आत हसायला लागला. ‘घे की. उगडं ठेवलंय ते त्यासाठीच. माज्यापरास तुजा रंग झ्याक बसलाय बग.’
चिडला असता तर बरं झालं असतं. याच्या मनात काही येत कसं नाही? माझ्या तर सारखं…

सातारा, २९ नोव्हें.
इथल्या कॉलेजात कॉम्प्युटरचं प्रदर्शन. सर आम्हा दोघांना पाठवणार होते, पण बिरू बहिणीच्या लग्नाला गावी. एकटाच आलो. दोन्ही थीम दाखवायचं ठरलं होतं. लावली फक्त शाळू. घोंगडीची फ्लॉपी पिशवीतच राहिली. राहिली म्हणजे, ठेवली.
गर्दी माझ्याच टेबलाशी. शिकवणाऱ्या एक बाई बराच वेळ त्या गाठींवरून माउस फिरवत होत्या.
‘ही कल्पना कुणाची?’
‘आमची.’
‘आमची म्हणजे?’
‘म्हणजे… माझीच.’
‘अगदी आपल्या मातीतली वाटते हो,’ म्हणाल्या.
बरं वाटलं. फारच बरं वाटलं.

३० नोव्हें., सातारा
स्टँडसमोरच्या एसटीडीवरून बिरूच्या शेजाऱ्यांकडे फोन केला. त्याला वचन दिलं होतं. मागे लग्नाचा बँजो जोरात.
‘काय म्हनली रं मानसं?’
‘आवडलं.’
‘तुजी का माजी?’
‘ऐकू येत नाही,’ म्हणालो आणि ठेवला. ऐकू आलं होतं.
बाई सरांना फोन करून कौतुक कळवणार आहेत. बिरू उद्या दुपारी सांगलीत पोचतोय, थेट क्लासवरच येईल. मी आधी पोचलो तर कल्पना बिरूची आहे हे सरांना सांगून टाकीन.
सकाळची पहिली गाडी गाठायला हवी. अजून पिशवी भरलेली नाही.