तिसरी हाक

३० एप्रिल
तारीख घातलीस का गो वेदिके? तुझा काय भरवसा! मला रत्नागिरीला सोडलंस आणि माझी पिशवी परत पावसला घेऊन गेलीस. मी फोनवर बोलून ठेवीन, तू वहीत उतरव. सानिका डॉक्टरीण म्हणाल्या, तुझ्या बापाचं जे काय हलेल ते रोज टिपा. अनिल आंब्यावरून डोक्यावर पडला त्याला आज नऊ दिवस. बाकी माझी इथे चैन आहे. गार हवा, आणि मूठ फिरवली की खाट उठून बसते. दोनदा बसवून बघितली, तेवढ्यात नर्स ओरडली.

१ मे
डॉक्टरीणबाई नख दाबतात, डोळ्यांत बॅटरी मारतात, कानाशी दोनदा हाक मारतात, बोट दाबा म्हणतात, मग कागदावर आकडे मांडतात. सोमवारी मोठे डॉक्टर बघणार. समज दिसली तर कोल्हापूरला पुढचे उपचार, नाहीतर घरी न्या म्हणतील. घरी म्हणजे काय, ते मला कळतं.

मी सांगितलं, बाई, हा दुसऱ्या हाकेला ओ देणारच नाही. न दिसणारं दोनदाच हाक मारतं, तिसरीशिवाय तोंड उघडायचं नाही, हे मीच त्याला लहानपणी चापट मारून शिकवलंय. त्या हसल्या. मी तिसरी हाक मारली. त्याने माझं बोट दाबलं. मग नाही हसल्या!

३ मे
आज एकाच हाकेला दाबलं. डॉक्टरीण खूश, सुधारणा म्हणाल्या. पण मोजल्याशिवाय अनिल ओ द्यायचा नाही. मग आधीच्या दोन कोणी मारल्या? खोलीत तर मी एकटीच.

४ मे
आज हाक मारलीच नाही. तरी त्याचं बोट दोनदा थरथरलं, दाराकडच्या हाताचं—

उद्या मोठे डॉक्टर दोन हाका मारतील. मग त्या न दिसणाऱ्याची पहिलीच हाक माझ्या पोराला तिसरी वाटेल. मारू नका म्हणावं, तर घरी पाठवतील. सानिकाबाईंना हात जोडले, तीन मारायला सांगा, लगोलग, मध्ये श्वास घेऊ नका.

५ मे
मोठ्यांनी दोन मारल्या आणि कागद बघायला थांबले. मी तोंड उघडलं— त्याआधीच अनिलने ओ दिली. डोळे उघडले. आमच्याकडे नाही, दाराकडे. सगळे आनंदात. कोल्हापूरला नेणार—

दुपारी
बोलतो. मला आई म्हणत नाही, म्हातारे म्हणतो. पेज मागतोय, अळणी. अळणी आपण गावच्या हद्दीवर ठेवतो, बाहेरच्यांना. माणसाला नाही— तू येऊ नको गो. रिक्षावाल्या शिवाबरोबर पेज पाठव. मीठ घाल. मुठीने घाल. खातो का ते मला—