आखूड पायांचा वंश

३ मार्च, मंगळवार

तिसरं. या हंगामातलं तिसरं! सातव्या महिन्यातच पडलेलं, मेलेलं. नाक कपाळात दाबलेलं, जीभ बाहेर, पाय बोटभर. वासरू म्हणवत नाही. पोत्यात घालून कुंपणाच्या बांधात पुरलं. वंशावळीच्या वहीत नोंद नाही — असलं वासरू इथे कोणी लिहीत नाही, कोणी बोलत नाही. वडीलही असंच करत.

गाय अजून हंबरते आहे.

५ मार्च

आयलिश दूध काढता काढता सुरू झाली. लेक माझीच, गप्प कशी बसेल?

"बाबा, बुटक्या गाईला बुटका वळू दाखवला की चारातलं एक असंच जाणार. आजीला हे न शिकता कळत होतं. ती लांब पायांचा वळू आणायची."

"लांब पायांची ती डेक्स्टर जातीची नव्हेच!"

"मग आपल्या वळूच्या, ब्रानच्या शेपटीचे केस पाठव तपासायला. घाबरतोस कशाला?"

घाबरतो? मी? चाळीस वर्षं हाच वंश वाढवला, त्यावर मिळेल ते पुस्तक वाचलं! पुढच्या शनिवारी मॅक्रूमला डेक्स्टर पाळणाऱ्यांच्या संघाची सभा. ठराव असा — तपासणीत बुटकेपणाचा दोष निघाला, की त्या वळूची नोंद बंद. म्हणजे माझा ब्रान बाद. म्हणजे आखूड पायांची जातच संपली! हा ठराव पाडायचा. पाडणारा मीच.

११ मार्च

शेजारचा डॅन जो आला. त्याच्या दोनच गाई, दोन्ही माझ्या गोठ्यातून गेलेल्या, दोन्ही बुटक्या. त्यातली एक ऑगस्टात ब्रानला दाखवली होती. दारातूनच ओरडला, "काय रे जेरोम, ब्रानचे पाय गरम पाण्यात धुतलेस काय? आणखी आटलेत!" स्वतःच हसला. मग टोपी काढून हातात घेतली.

"लेका, जरा येऊन बघ. पोट फार फुगलंय तिचं. पिंपासारखं."

गेलो. हात लावला. आत पाणी, नुसतं पाणी. असलं पोट मी दोनदा पाहिलंय. त्यातून काय निघतं तेही पाहिलंय. आजच डॉक्टर बोलावला तर गाय कदाचित वाचेल. पण आत काय होतं हे डॉक्टर गावभर सांगणार — आणि सभा तीन दिवसांवर.

"जुळी असतील," मी म्हणालो.

डॅन जोने माझी पाठ थोपटली!

१४ मार्च

जिंकलो. एकेचाळीस विरुद्ध सतरा.

काय बोललो आज! "बटाटे सडले त्या महादुष्काळात या डोंगरावर काय टिकलं? मोठी जनावरं आधी मेली! खडकातलं गवत खाऊन, एकेका झोपडीला दूध आणि मांस पुरवत ही कमरेएवढी काळी गाय टिकली. तिला प्रयोगशाळेचा दाखला लागत नाही! गाय डोळ्याला कळते, हाताला कळते!" — आणि हात वर केला. त्या पोटावर ठेवलेला तोच हात. शब्द अडकला. लोकांना वाटलं, गहिवरलो. टाळ्या.

डॅन जो पहिल्या रांगेत. सगळे थांबले तरी तो वाजवत होता.

१७ मार्च

सेंट पॅट्रिकचा दिवस. गावात जो तो सभेतल्या विजयाबद्दल हात मिळवतो. घरी आयलिश माझ्यासमोर जेवायला बसत नाही.

१८ मार्च

गाय गेली. सकाळी डॅन जोला गोठ्यात आडवी सापडली. मेलेली जनावरं नेणारी गाडी दुपारी आली. पोटातलं पोटातच गेलं. कोणी पाहिलं नाही.

आणि मला पहिल्यांदा काय वाटलं? हायसं! लिहून ठेवतो, म्हणजे पुढे स्वतःशी खोटं बोलता येणार नाही.

डॅन जो गव्हाणीच्या कडेला बसला होता. "जुळी पेलली नाहीत तिला. माझंच चुकलं, लेका. खुराक वाढवायला हवा होता."

मी त्याच्या कपात चहा ओतला.

१९ मार्च

आयलिश त्याला भेटून आली.

"तू जुळी म्हणालास त्याला?" आवाज चढवला नाही. तेच वाईट. "गाय मेली, ते दुःख त्याचं. वर दोषही त्याच्याच गळ्यात घातलास. रविवारपर्यंत सांग, बाबा. नाहीतर मी सांगेन."

सांगेन. रविवारी, चर्चमधून बाहेर पडताना. काय बोलायचं ते लिहायला बसलो. आयुष्यभर भाषणं लिहिली, आज चार ओळी जमेनात. सगळं खोडून एकच ठेवली : डॅन जो, मला माहीत होतं.

२१ मार्च, शनिवार

डॅन जोची दुसरी गाय माजावर आली. दोरी धरून चालवत आणली, ब्रानसाठी. "सभेत तुझं ऐकलं, मग मला दुसरा वळू कशाला?"

ब्रानच्या गोठ्याचं फाटक मी उघडलं.